कोल्हापूरच्या कडेच्या गावात जागा घेताना: पाणी, पाणंद आणि सातबारा

“उचगावला काय दर चाललाय?” असं विचारलं की टपरीवरचा चहा यायच्या आत उत्तर मिळतं. ते बहुतेक वेळा बिनकामाचं असतं. हायवेला लागून असलेला गट (म्हणजे नंबर दिलेला जमिनीचा तुकडा), त्याच्या मागं दोन बांध सोडून असलेला गट आणि ओढ्याला चिकटलेला गट, या तिन्हींचा एकच दर सांगणारा माणूस एकतर एजंट असतो, नाहीतर त्यानं कधी जागा घेतलेली नसते. कोल्हापूरच्या आसपास एकाच गावाच्या शिवारात माळाला उन्हाळ्यात टँकर लागतो आणि नदीकाठच्या मळीत पावसाळ्यात होडी. म्हणून गावाची चौकशी एका दिवसात उरका आणि उरलेला सगळा वेळ गट नंबरावर घाला.

शहराची महापालिका १९७२ ला झाली आणि हद्दवाढीचं घोंगडं तेव्हापासून भिजत पडलं. शहर मात्र थांबलं नाही. पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, सरनोबतवाडी, शिंगणापूर, बालिंगा, शिये असं ते ग्रामपंचायतींत सांडत गेलं. हद्दवाढीला पर्याय म्हणून २०१७ मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आलं आणि करवीर व हातकणंगले तालुक्यांतली ४२ गावं त्याखाली गेली. घेणाऱ्याच्या दृष्टीनं याचा अर्थ सरळ आहे: या गावांत घराचा नकाशा मंजूर करायचा अधिकार प्राधिकरणाचा. घरफाळा ग्रामपंचायत घेते, दिवाबत्ती आणि गटार तीच बघते, पण “सरपंचांची सही आहे की” हे बांधकाम परवानगीचं उत्तर होत नाही. नमुना ८ चा असेसमेंट उतारा दाखवून घरं सर्रास विकली जातात. कर कोणाकडून वसूल करायचा एवढंच तो उतारा सांगतो. मालक कोण, हे तो सांगत नाही.

पूर

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती प्रयाग चिखलीजवळ एकत्र येतात आणि पंचगंगा होते. पश्चिमेला गगनबावडा, राधानगरीच्या डोंगरात पाऊस कोसळतो तेव्हा शहरात नुसती भुरभुर असली तरी पाणी चढत राहतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. “२००५ ला सुद्धा इथं पाणी आलं नव्हतं” असं विकणारा सांगतो तेव्हा तो खरं बोलत असेल, पण तो प्रश्नच चुकीचा. २०१९ आणि २०२१ चं विचारा, आणि त्याला विचारण्यापेक्षा शेजारच्या वस्तीवर जाऊन विचारा. गोठ्याच्या भिंतीवरची मातकट रेघ, विजेच्या खांबावरची खूण, देवळाच्या पायरीवर रंगानं ओढलेली रेषा, यातलं काही ना काही सापडतंच.

ती खूण सापडली की अंदाजावर थांबू नका. मोबाईलमधली उंची काही मीटरनं चुकते आणि इथं प्रश्न फुटांचा असतो. सर्व्हेअरला बोलावून ऑटो लेव्हलनं त्या खुणेपासून आपल्या गटाच्या चारही कोपऱ्यांची उंची काढून घ्या. जागा जवळ असेल तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. गट खुणेच्या तीन फूट खाली निघाला तर भरावाचा हिशेब असा: एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, त्यावर तीन फूट म्हणजे ३२६७ घनफूट, म्हणजे जवळपास ३३ ब्रास. मुरूम दाबल्यावर बसतो, त्यामुळं प्रत्यक्षात ४० ब्रास धरा. दोन ब्रासच्या डंपरच्या वीस खेपा झाल्या, आणि या फक्त एका गुंठ्याच्या. स्वस्त मिळालेला गट इथंच महाग होतो. शिवाय तुमच्या भरावामुळं पाणी शेजाऱ्याच्या उसात वळलं तर पहिल्याच पावसाळ्यात भांडण ठरलेलं.

कागदावरची बाजू म्हणजे पूररेषा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा जलसंपदा विभाग आखतो. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये घराला परवानगी मिळत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटींवर मिळते; जोत्याची पातळी लाल रेषेच्या वर किमान ०.४५ मीटर ठेवावी लागते. म्हणून गट नंबर टाकून पूररेषेबाबतचा लेखी अभिप्राय मागा. “नकाशात बघितलंय, लागत नाही” हे तोंडी वाक्य घेऊन घरी येऊ नका.

नदीपासून लांब आहे म्हणून बिनधास्त राहणारे लोक ओढा विसरतात. नदी भरली की ओढ्याचं पाणी पुढं सरकत नाही, उलटं फिरतं आणि फुगवटा शिवारात आत शिरतो. नदीपासून लांबच्या गटात पाणी शिरतं ते या वाटेनं. ओढ्याचं पात्र कुठं बुजवलंय, कुठं त्यावर प्लॉट पाडलेत, हे जुन्या गाव नकाशावर आजचं हवाई छायाचित्र ठेवलं की लगेच दिसतं.

आणखी एक गोष्ट जागा बघायला येणारे हमखास सोडतात, कारण ते मार्चमध्ये येतात. घर कोरडं राहिलं तरी रस्ता पाण्यात जातो. २०१९ आणि २०२१ ला पुणे–बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता. रेडेडोह फुटला, म्हणजे नदीचं पाणी तिथं काठ सोडून बाहेर पडलं, की आंबेवाडीकडचा रस्ता गेला. कसबा बावडा–शिये रस्ता आणि गगनबावड्याच्या वाटेवरचा बालिंग्याचा पूल पूर मोठा असला की बंद. घरात वयस्कर माणूस असेल, डायलिसिस असेल, तर शहराकडं जाणारा दुसरा उंचावरचा रस्ता आहे का, हे दरापेक्षा महत्त्वाचं. सोनतळीला चिखली–आंबेवाडीच्या लोकांना १९८९ च्या पुरानंतर पुनर्वसनाचे भूखंड दिले गेले. अशा उंचावरच्या जागा बघायला छान वाटतात, पण पुनर्वसनाच्या भूखंडाला हस्तांतरणाच्या अटी असू शकतात. सातबारा किंवा मिळकतपत्रिकेवरचा शेरा वाचल्याशिवाय विसार देऊ नका.

प्यायचं पाणी

पूर टाळायला माणूस माळावर जातो आणि तिथं नळाला पाणी नसतं. कोल्हापूरच्या दक्षिणेची उंच गावं आणि त्यांच्या नव्या कॉलन्या यात अडकतात: पाण्याच्या टाकीच्या जवळच्या गल्लीला धार, टोकाच्या घराला थेंब. म्हणून “गावात योजना आहे का” असं विचारू नका. त्या गल्लीत पाईपलाईन किती इंचाची, पाणी किती दिवसाआड, किती वेळ आणि पहाटे किती वाजता, हे चार प्रश्न शेजारच्या बाईला विचारा. पुरुषाला माहीत नसतं.

जलजीवन मिशनचा हिशेब माणशी दिवसाला ५५ लिटरचा आहे. शहरी सवयीचं घर १३५ लिटरच्या आसपास वापरतं. चार माणसांना ५४० लिटर झाले. पाणी चार दिवसाआड येत असेल तर जमिनीतली टाकी ५००० लिटरची करा. आतून पाच फूट बाय सहा फूट बाय सहा फूट म्हणजे १८० घनफूट, साधारण ५१०० लिटर. नऊ दिवस निघतात. पावसाचं पाणी धरलंत तर आणखी सोय. कोल्हापुरात वर्षाला साधारण १००० मिलीमीटर पाऊस धरला, तर हजार चौरस फुटांच्या स्लॅबवरून वाया जाणारं वजा करून ७० ते ७५ हजार लिटर उतरतं. ते बोअरजवळच्या खड्ड्यात गाळून सोडा. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी मात्र बाहेर काढा, त्यात ऊस पेटवल्याची काजळी आणि पक्ष्यांची घाण असते.

बोअरची खात्री कोणी देत नाही आणि जो देतो त्याच्यापासून लांब राहा. खाली बसाल्टचा काळा पाषाण आहे. पाणी त्याच्या भेगांत असतं. भेग लागली तर लागली, नाहीतर शेजाऱ्याला दीडशे फुटांवर आणि तुम्हाला चारशे फुटांवरही कोरडं. शेजारच्या तीन-चार बोअरची खोली आणि त्यांचं मे महिन्यातलं पाणी विचारणं, हा नारळ फिरवणाऱ्यापेक्षा स्वस्त आणि बरा उपाय. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागातला पाईप, मऊ थर संपून पाषाणात नीट बसेपर्यंत घाला. तिथं पैसे वाचवले की पावसाळ्यात वरचं गढूळ पाणी बोअरमध्ये उतरतं.

उसाच्या पट्ट्यातलं बोअरचं पाणी तपासल्याशिवाय पिऊ नका. युरियातलं नायट्रेट जमिनीतून खाली जातं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलीग्रॅम आहे. ते उकळून जात नाही. पाणी आटतं आणि नायट्रेट उलट दाट होतं. तान्ह्या बाळाला ते जास्त बाधतं. एकूण विद्राव्य क्षार लिटरला ५०० मिलीग्रॅमपर्यंत उत्तम, २००० च्या वर अजिबात नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि नमुना पावसाळ्यात एकदा, मे मध्ये एकदा असा द्या.

कागद

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं, सौदा गुंठ्यात होतो आणि प्लॉट चौरस फुटात विकला जातो. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे १०७६ चौरस फूट. गुंठा त्याहून थोडा मोठा, १०८९. दहा गुंठ्यांत हा फरक सव्वाशे चौरस फुटांपर्यंत जातो. मुद्दाम कोणी फसवत नसेलही, पण खरेदीपत्रात तिन्ही एककं लिहा.

सातबारा हातात आला की आधी नाव वाचायचं नाही. आधी भूधारणा पद्धती वाचा. भोगवटादार वर्ग १ असेल तर पुढं चला. वर्ग २ असेल तर सरकारच्या परवानगीशिवाय किंवा नजराण्याशिवाय (सरकारला भरायच्या रकमेशिवाय) विक्री अडते. मग ‘इतर हक्क’ चा रकाना. तिथं बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींची नावं, ‘पुनर्वसनासाठी संपादनास पात्र’ असा शेरा, कुळकायदा कलम ४३ ची अट, हे सगळं तिथंच दडलेलं असतं. कोल्हापुरात खास बघायचं ते देवस्थान इनाम. जिल्ह्यात देवळांच्या नावानं असलेल्या जमिनी भरपूर आहेत. वहिवाटदार पिढ्यान्‌पिढ्या कसत असतो, गावाला ती त्याचीच वाटते, पण मालक देव असतो आणि ती विकता येत नाही. अशा जमिनीवर स्टॅम्पपेपरवर घेतलेल्या प्लॉटचं पुढं काय होतं, ते घेणाऱ्याच्या मुलांना कळतं. गायरानाचंही तेच.

मग फेरफार, म्हणजे मालकी कशी बदलत गेली त्याच्या नोंदी. किमान ३० वर्षं मागं जाऊन प्रत्येक फेरफार नंबर काढा: वारस कसे लागले, वाटणी नोंदणीकृत आहे की नुसत्या जबाबावर, बहिणींचं हक्कसोडपत्र आहे का. २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आणखी स्पष्ट केला. “बहिणी काही म्हणत नाहीत” हे दर वाढेपर्यंतच खरं असतं. सगळ्यांच्या सह्या खरेदीपत्रावर ‘संमती देणार’ म्हणून घ्या. वकिलाकडून सर्च रिपोर्ट आणि स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस, या दोन खर्चांत काटकसर नको.

आता गुंठ्याचा घोळ. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकायला १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानं बंदी आहे. २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र (म्हणजे विकता येणारा लहानात लहान तुकडा) बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे आहे. त्याखालच्या तुकड्याची खरेदी अडते, म्हणून पळवाट निघाली: दहा-अकरा गुंठ्यांचा एक गट पाच जण मिळून घेतात आणि सातबाऱ्यावर पाचही नावं सामाईक लागतात. जागेवर चुन्याची फक्की टाकून प्लॉट पाडलेले असतात, कागदावर मात्र तुमचा प्लॉट कुठं आहे हे कोणीच लिहिलेलं नसतं. बँक कर्ज देत नाही, नकाशा मंजूर होत नाही, आणि पाचातला एक मयत झाला की त्याचे सात वारस तुमच्या विक्रीला सही द्यायला शोधावे लागतात. २०२५ मध्ये सरकारनं नागरी आणि प्राधिकरण क्षेत्रातल्या जुन्या तुकड्यांना सवलत देण्याचा निर्णय घेतला. तिला तारखेची आणि झोनची अट आहे. सवलतीच्या भरवशावर आज नवा तुकडा घेणं म्हणजे पाऊस येईल म्हणून विहीर न खणणं.

बिगरशेती नसलेली जमीन घ्यायची असेल तर घेणारा शेतकरी हवा, नाहीतर कुळकायदा कलम ६३ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. मंजूर योजनेत रहिवास विभागात दाखवलेल्या जमिनीला यातून सूट आहे, पण ती सूट एजंटच्या बोलण्यावर नाही, नगर रचना कार्यालयाच्या झोन दाखल्यावर सिद्ध होते. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन बिगरशेती करून घेण्याची सोय महसूल संहितेच्या कलम ४२-ड नं दिली. “गावठाणाला लागूनच आहे” हे वाक्य मात्र मोजून घ्या. दोनशे मीटर म्हणजे डोळ्याला वाटतात त्यापेक्षा फार कमी.

उजळाईवाडी आणि तिच्या आजूबाजूच्या गावांत विमानतळामुळं बांधकामाच्या उंचीवर बंधन आहे. तळमजल्याच्या घराला सहसा अडचण येत नाही, पण तीन-चार मजले बांधून भाड्यानं द्यायचा विचार असेल तर विमानतळ प्राधिकरणाचा रंगीत उंची-नकाशा आधी बघा.

पाणंद आणि वीज

रस्ता सातबाऱ्यावर किंवा मंजूर नकाशावर आहे का, की नुसती वहिवाट आहे? पाणंद, म्हणजे शिवारात जाणारी गाडीवाट, गाव नकाशावर असेल तर ती सरकारी. अतिक्रमण झालं असलं तरी मोजून खुली करता येते. बांधावरची वाट असेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडं रस्ता मागता येतो, आणि असलेली वाट कोणी अडवली तर मामलेदार कोर्ट अधिनियमाच्या कलम ५ खाली दाद मिळते. दोन्हींना वर्षं जातात. विकणाऱ्याचीच मागची जमीन रस्त्याला लागून असेल, तर रुंदी आणि नकाशासह रस्त्याचा हक्क खरेदीपत्रातच लिहून घेणं हे सगळ्यात स्वस्त. रुंदी ठरवताना ऊस भरलेली ट्रॉली आणि समोरून येणारी मोटार डोळ्यासमोर आणा. नोव्हेंबर ते मार्च तोच तुमचा शेजार असणार आहे.

विजेचं एक कलम फार कमी लोक विचारतात: तुमच्या खांबावरची लाईन गावठाण फिडरची (वस्तीला वीज देणाऱ्या मुख्य लाईनची) आहे की शेती फिडरची? शेती फिडरवर थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीनं दिवसाला आठेक तास, तीही एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. शेतात बंगला बांधून फ्रीज बंद ठेवणारे लोक आहेत. आणि यावर छपरावरचं सोलर हा उपाय नाही. नेट मीटरचं साधं ऑन-ग्रिड सोलर लाईन गेली की सुरक्षेसाठी स्वतःच बंद पडतं, ऊन कितीही असो. गावठाण फिडरवर मात्र ते उत्तम: तीन किलोवॅटला दिवसाला सरासरी बारा युनिट आणि पीएम सूर्यघर योजनेतून ७८ हजार रुपये अनुदान. खांब लांब असेल तर नव्या खांबांचा खर्च कोण करणार, हे विसार देण्याआधी महावितरणच्या शाखा कार्यालयात विचारा.

जमिनीखाली काय आहे

मळीतली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घेतला की दुसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. पाया मुरूम लागेपर्यंत न्या, मग तो चार फुटांवर लागो की आठ. जोत्यात खणलेली काळी माती परत भरू नका, तिथं मुरूमच. जोत्याला बीम फिरवा आणि घराभोवती तीन फुटांचा सिमेंटचा पट्टा बाहेरच्या उतारानं करा, म्हणजे पाणी पायाशी मुरत नाही. जोतं रस्त्यापेक्षा किमान दोन फूट वर घ्या. गावातला रस्ता दर डांबरीकरणाला चढत जातो. वीस वर्षांपूर्वीची घरं आज रस्त्याच्या खाली दिसतात ती त्यामुळंच.

ड्रेनेज गावात नसतं, म्हणून सेप्टिक टँक. पाच माणसांना आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याची खोली एवढी पुरते; दहा माणसांना दोन मीटर बाय ०.९ मीटर, आणि दोन वर्षांनी उपसायची असेल तर खोली १.४ मीटर. गवंडी मोठी टाकी बांधून बिल वाढवतो आणि शोषखड्ड्याकडं बघत नाही, बिघाड मात्र तिथंच होतो. जागेवर फूटभर खड्डा काढा, रात्रभर पाणी भरून ठेवा, सकाळी परत भरून एक इंच उतरायला किती वेळ लागतो ते बघा. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालेल. अर्धा ते एक तास लागला तर खडी भरलेले लांब चर काढा. तासापेक्षा जास्त म्हणजे काळी माती, तिथं शोषखड्डा पहिल्याच पावसाळ्यात तुंबतो आणि संडास उलटा भरतो. बोअर किंवा आड यांच्यापासून १८ मीटर लांब. तीन गुंठ्यांच्या प्लॉटवर हे अंतर बसवताना शेजाऱ्याचा बोअर कुठं आहे तेही मोजा, तुमचाच मोजून भागत नाही.

पैसे परत येतात का

उसानं येत नाहीत. समजा दहा गुंठे पाच लाख रुपये गुंठ्यानं घेतले, म्हणजे पन्नास लाख. एकरी ४० टन धरले तर दहा गुंठ्यांत दहा टन. २०२५-२६ हंगामाची एफआरपी (कारखान्यानं द्यायचा किमान ऊसदर) १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३५५० रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. म्हणजे खत, पाणी, लागण सगळं सोडून सुद्धा वर्षाला गुंतवणुकीच्या एक टक्काही हातात येत नाही, आणि आडसाली लावला तर तेवढ्यासाठीही सोळा-अठरा महिने थांबायचं. शेती करायचीच असेल तर तो गट सहकारी पाणीपुरवठा संस्थेच्या लाभक्षेत्रात आहे का आणि शेअर जमिनीबरोबर नावावर होतो का, ते संस्थेच्या ऑफिसात विचारा. पाईप शेजारून गेली म्हणजे पाणी आपलं होत नाही.

खोल्या बांधून भाड्यानं देणं जरा बरं. गोकुळ शिरगाव, शिरोली आणि कागलच्या एमआयडीसींचे कामगार, सरनोबतवाडी–मोरेवाडीच्या बाजूला शिवाजी विद्यापीठाचे विद्यार्थी, अशी मागणी असते. दहा बाय बाराच्या आठ खोल्या, खोलीत तीन जण, माणशी १०० लिटर, म्हणजे रोज २४०० लिटर पाणी. पाण्याचा हा आकडा बसत नसेल तर बांधू नका. भाडेकरू टँकरच्या आठवड्यात खोली सोडतात. भाडेकरार नोंदणीकृतच करा. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि नोंदणी नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच ग्राह्य धरतात.

खरा पैसा जमिनीच्या दरवाढीत, आणि तिथं कराची एक रेषा आहे जी बरेच लोक विकताना पहिल्यांदा ऐकतात. आयकर कायद्यात ‘ग्रामीण शेतजमीन’ ही भांडवली मालमत्ता मानत नाहीत, त्यामुळं ती विकल्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. ग्रामीण कशाला म्हणायचं, तर एक ते दहा लाख लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून हवाई अंतरानं सहा किलोमीटरच्या पलीकडं. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर साडेपाच लाखांच्या घरात, म्हणजे सहा किलोमीटरचं वर्तुळ. पूर्वेला इचलकरंजीचंही सहाचंच. दहा हजार ते एक लाख वस्तीच्या नगरपालिकेचं दोन. अंतर रस्त्यानं नाही, सरळ रेषेत. शेती सोडून बिगरशेती केली की ही सवलत गेली. घेताना बिगरशेती जमिनीची किंमत ५० लाख किंवा वर असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना एक टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमची. नोंदणी फी एक टक्का, कमाल ३० हजार. मुद्रांक शुल्क रेडी रेकनर (सरकारनं ठरवलेला दर) आणि खरी किंमत यांत जे जास्त त्यावर.

खरेदी झाली की फेरफाराची नोटीस निघते, हरकतीचे पंधरा दिवस जातात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नवा सातबारा आला की नावाची वेलांटी आणि क्षेत्राचा शेवटचा अंकही तपासा, आता चूक सुधारणं सोपं, दहा वर्षांनी नाही. हद्द कायम मोजणीचा अर्ज खरेदीआधी विकणाऱ्याच्या नावानं करणं उत्तम. पण गटात किंवा शेजारी उभा ऊस असेल तर साखळी ओढता येत नाही, निशाण दिसत नाही आणि मोजणीदार पंचनामा करून परत जातो. ऊस तुटल्यानंतर आणि नवी लागण व्हायच्या आत, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, तारीख पडेल असा अर्ज करा. ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आली की दगड दोन फूट जमिनीत आणि फूटभर वर असा रोवा, चारही शेजाऱ्यांना समोर उभं करून, आणि त्यांच्या सह्या त्याच दिवशी घ्या.